खेळाचा संगणक : भागांची निवड आणि जुळणी

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या अनेक घरांत हल्ली एक वाद चालू असतो. बारावी झालेला मुलगा म्हणतो, "मला गेमिंगचा पी.सी. पाहिजे." वडील म्हणतात, "हातात मोबाइल आहे, तो काय थोडा झाला?" दोघांचेही म्हणणे खोटे नाही. असा संगणक घेणे म्हणजे भाताच्या एका हंगामाची शिल्लक एका पेटीत घालणे होय. ती पेटी पाच-सात वर्षे चालली तर पैसा कामी आला. पहिल्याच पावसाळ्यात बंद पडली तर मुलाचा हिरमोड आणि बापाचा तोटा. हा फरक पुष्कळदा नशिबाने पडत नाही, निवडीने पडतो. म्हणून त्या पेटीत कोणकोणते भाग असतात, ते कसे निवडावेत आणि आपल्या हाताने कसे जोडावेत, हे आज पाहू.

सुटे भाग आणून संगणक उभा करणे ही काही आजकालच्या पोरांची टूम नव्हे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने आपल्याच देशात आराखडा करून बांधलेला संगणक १९६० साली चालू झाला, आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिले. पुढे अमेरिकेकडून महासंगणक मिळेना, तेव्हा १९८८ साली पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था निघाली. अकोला जिल्ह्यातल्या एका खेड्यात जन्मलेले डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख झाले. बाजारात मिळणारे लहान प्रोसेसर मोठ्या संख्येने एकमेकांस जोडून या मंडळींनी १९९१ साली 'परम ८०००' उभा केला. आपले काम त्यापुढे फार लहान आहे, पण जात एकच : भाग ओळखायचे आणि ते नीट जुळवायचे.

आता कोणी विचारील, खेळाला एवढी ताकद लागतेच कशाला? साधा हिशेब करू. नेहमीच्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात. गुणाकार केला की सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके झाले. खेळ सुरळीत दिसायला सेकंदाला निदान ६० चित्रे हवीत. म्हणजे दर सेकंदाला १२ कोटींहून अधिक ठिपक्यांचा रंग ठरवायचा! हे काम प्रोसेसर एकटा करू लागला तर थकून जाईल. प्रोसेसर हा जाणत्या शेतकऱ्यासारखा आहे. कोणते खाचर आधी, पाणी कुठे वळवायचे, हे तो ठरवतो. पण आवणीला ओळीने उभी राहणारी माणसे लागतात. ती माणसे म्हणजे ग्राफिक कार्ड. एकेकाची अक्कल बेताची, पण संख्या मोठी. 'आरटीएक्स ४०६०' नावाच्या मध्यम प्रतीच्या कार्डात असे ३,०७२ लहान गणनविभाग एकाच वेळी राबतात.

शेतकरी जाणता पण आवणीला दोनच माणसे, तर शेत रेंगाळते. उलट माणसे पन्नास आणि सांगणारा कोणी नाही, तरी शेत रेंगाळते. तेव्हा एकाच भागावर सगळा पैसा ओतू नये. नांगराला एका बाजूला खिल्लारी बैल आणि दुसऱ्या बाजूला वासरू जुंपून चालत नाही. ढोबळ प्रमाण असे धरावे : पडदा, कीबोर्ड, माउस सोडून पेटीसाठी १०० रुपये असतील, तर ३५ ते ४० ग्राफिक कार्डाला, २० च्या आसपास प्रोसेसरला, आणि उरलेल्यात मदरबोर्ड, रॅम, एस.एस.डी., एसएमपीएस आणि कॅबिनेट. भाव सतत बदलतात. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव एकदम चढले होते. म्हणून रकमेपेक्षा प्रमाण ध्यानात ठेवलेले बरे.

रॅम आणि एस.एस.डी. यांत पुष्कळांचा घोटाळा होतो. एस.एस.डी. ही कणगी, भात तिथे साठते, वीज गेली तरी जागेवर राहते. रॅम म्हणजे खळे. आजच्या कामापुरते धान्य तिथे पसरायचे, वीज गेली की ते मोकळे. खळे लहान पडले तर कणगीकडे सारख्या खेपा होतात, आणि खेळ अडखळतो. आज १६ जी.बी. रॅम पुरेशी समजावी, आणि ती ८-८ च्या दोन पट्ट्यांत घ्यावी. दोन वाटांनी माल लवकर जातो. कणगी निदान ५०० जी.बी.ची, जमल्यास १ टी.बी.ची असावी, कारण एकेक मोठा खेळ १०० जी.बी. जागा सहज खातो.

यानंतरची गोष्ट भागांच्या सोयरिकीची. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिला सॉकेट म्हणतात. ए.एम.डी.चा 'ए.एम. ४' सॉकेट असेल तर डी.डी.आर. ४ रॅम लागते, 'ए.एम. ५' असेल तर डी.डी.आर. ५ च. इंटेलच्या 'एल.जी.ए. १७००' वर दोन्ही प्रकारचे मदरबोर्ड मिळतात, पण एका बोर्डावर एकच प्रकार चालतो. डी.डी.आर. ४ आणि ५ यांची खाच वेगळ्या ठिकाणी असते. बसत नाही म्हणून जोर करू नये. चुकीची पट्टी आणली आहे, असे समजावे.

पैसे कमी असतील तर पायरीपायरीने जाता येते. काही प्रोसेसरांच्या पोटातच लहानसे ग्राफिक असते. 'रायझन ५ ५६००जी' यात ते आहे, 'रायझन ५ ५६००' यात नाही. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' अक्षर असेल तर त्यातही नसते. आधी ग्राफिकसह प्रोसेसर घ्यावा, अभ्यास आणि हलके खेळ चालू करावेत. पुढच्या वर्षी कार्ड बसवावे. एका अक्षराकडे लक्ष दिले नाही तर मात्र यंत्र घरी येते आणि पडदा काळाच राहतो.

श्रोतेहो, आता सर्वांत दुर्लक्षित आणि आपल्या भागात सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येतो. तो म्हणजे एसएमपीएस. घरातली २३० व्होल्टची वीज घेऊन तो यंत्राला मुख्यतः १२ व्होल्टची सरळ वीज देतो. आमच्या एका विद्यार्थ्याला एका दुकानदाराने रंगीबेरंगी दिव्यांची देखणी कॅबिनेट दाखवली आणि आत बिननावाचा एसएमपीएस बसवून दिला. वळवाच्या पहिल्या पावसात वीज तीन वेळा गेली-आली. एसएमपीएस गेला तो गेलाच, जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. दिव्यांना दिलेले पैसे या भागाला दिले असते तर पोराचे वर्ष वाचले असते.

हिशेब अवघड नाही. प्रोसेसर ६५ वॉट, वर सांगितलेले कार्ड ११५ वॉट, बाकी सर्व मिळून ७०-८० वॉट. एकूण २५० ते २६० वॉट. घेताना ५०० ते ५५० वॉटचा घ्यावा. कार्ड मधूनच जास्त वीज ओढते, आणि निम्म्या भारावर एसएमपीएस थंड व काटकसरीने चालतो. त्यावर '८० प्लस' ही खूण पाहावी. खोक्यावर किती वॉट छापले आहेत, एवढ्यावर विसंबू नये. नावाजलेली कंपनी आणि निदान तीन वर्षांची वॉरंटी पाहावी.

पण एसएमपीएस कितीही चांगला घेतला तरी घराला अर्थिंग नसेल तर उपयोग थोडा. तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन कापून किंवा मोकळी ठेवून यंत्र लावू नये. वायरमनकडून आधी अर्थिंग तपासून घ्यावे. कॅबिनेटला हात लावताच मुंग्या येत असतील तर खेळ थांबवावा. ती धोक्याची सूचना आहे. घरी इन्व्हर्टर असेल तर तो 'यू.पी.एस.' पद्धतीवर ठेवावा, नाहीतर वीज जाताच संगणक बंद पडतो. आकाशात गडगडाट सुरू झाला की प्लग काढावा, आणि इंटरनेटची तांब्याची तारही काढावी. नुसते बटण बंद केल्याने वीज कोसळण्यापासून बचाव होत नाही.

खरेदी कुठे करावी? मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, या मालासाठी प्रसिद्ध आहे. शहापूरकरांनी आसनगावला लोकल धरून दादरला गाडी बदलावी. मुरबाडकरांनी आधी एस.टी.ने कल्याण गाठावे. जाण्यापूर्वी दोन-तीन ठिकाणचे भाव फोनवर विचारून कागदावर उतरवून घ्यावेत. जी.एस.टी.चे पक्के बिल घ्यावेच. "बिलाशिवाय स्वस्त देतो" म्हणणाऱ्याकडे पुढे वॉरंटी मागायला तोंड राहत नाही. बिलावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. घरपोच मागवलेले खोके उघडताना मोबाइलवर चित्रीकरण करावे. जुने कार्ड घ्यायचे असेल तर ते अर्धा तास खेळ चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. सप्टेंबर २०२२ मध्ये 'इथेरियम' या आभासी चलनाचे खाणकाम थांबले, आणि रात्रंदिवस राबलेली कितीतरी कार्डे तेव्हा बाजारात आली. जुना प्रोसेसर घेतानाही जपावे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचे सातव्या पिढीचे व त्याआधीचे बहुतेक प्रोसेसर चालत नाहीत.

आता जुळणी. एक फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर, स्वच्छ टेबल आणि दोन-तीन तास, एवढे साहित्य पुरते. काम सुरू करताना आणि मधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावावा. अंगावरची स्थिर वीज निघून जाते. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा त्रिकोण आणि सॉकेटवरचा त्रिकोण जुळवून तो अलगद ठेवावा, दाबू नये. त्यावर थर्मल पेस्ट हरभऱ्याच्या दाण्याएवढी पुरे. कूलरखाली ती आधीच लावलेली असेल तर वेगळी नको. रॅमच्या खाचा चार असतील तर दोन पट्ट्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसतात. बोर्डाबरोबरचे पुस्तक पाहून खात्री करावी. बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवताना खाली पितळी आधार आहेत ना, ते पाहावे, नाहीतर बोर्ड पत्र्याला टेकून शॉर्ट होईल. प्रोसेसरची आठ पिनांची तार आणि कार्डाची आठ पिनांची तार सारख्या दिसतात, पण त्या वेगळ्या आहेत. त्यांवरील अक्षरे वाचावीत. एका एसएमपीएसच्या सुट्या तारा दुसऱ्याला कधीही लावू नयेत, मग त्या नेमक्या बसल्या तरी.

शेवटी पडद्याची तार. ती कार्डाच्या खाचेत लावावी, मदरबोर्डाच्या नव्हे. मदरबोर्डाला लावली तर महागाचे कार्ड पेटीत स्वस्थ बसून राहते. भातसा-तानसाच्या काठच्या माणसांना हे समजावून सांगायला नको; धरण उशाशी आणि कोरड घशाशी, अशीच ती गत.

यंत्र चालू झाल्यावर त्याची निगा. ते जमिनीवर ठेवू नये, स्टुलावर ठेवावे. चुलीचा धूर आणि वीटभट्टीची धूळ आत शिरते, म्हणून दर महिन्याला जाळी झाडावी. पावसाळ्यात रोज थोडा वेळ चालू ठेवावे. आतल्या उष्णतेने ओल धरत नाही. मागच्या मोकळ्या फटी पत्र्याने बंद कराव्यात, नाहीतर पाल आणि मुंग्या बिऱ्हाड करतात.

खर्चाचेही बोलू. पडद्यासह यंत्र खेळताना ३५० वॉट घेते असे धरले, तर रोज तीन तासांचे एक युनिट आणि थोडे वर, महिन्याचे सुमारे ३१ युनिट. महिना १०० युनिटांच्या आत राहणारे घर त्यामुळे वरच्या दराच्या टप्प्यात जाऊ शकते, हे वडिलांना आधीच सांगून ठेवावे. दुसरे, मोबाइलचा रोजचा २ जी.बी. डेटा वापरून १०० जी.बी.चा एक खेळ उतरवायला ५० दिवस लागतील. गावात फायबर जोडणी कुणाकडे आहे ते खेळ घेण्याआधी विचारावे. तिसरे, खेळ आणि जुगार एक नव्हेत. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केला आहे. "खेळून पैसे मिळतात" असे सांगणाऱ्या जाहिरातीपासून मुलांना लांब ठेवावे.

मग एवढ्या खटाटोपाचा लाभ काय? तयार यंत्रापेक्षा चार पैसे वाचतात, हा लहान लाभ. मोठा लाभ असा की, ज्याने आपल्या हाताने भाग जोडले, त्याला बिघाड कुठे आहे ते शोधता येते. रॅमची पट्टी काढून, पुसून, पुन्हा बसवल्याने यंत्र चालू होते, हे माहीत असलेला एक मुलगा गावात असला, तर पंचायतीचा, दुकानाचा, शाळेचा संगणक घेऊन कल्याणला जायची खेप वाचते. शिवाय याच कार्डावर चित्रफितीचे संकलन होते, घराचे आराखडे निघतात, आणि त्या कामाचे दाम गावात बसून मिळवता येतात.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. आपल्या शाळेत बंद पडलेला एखादा संगणक असेल, तर मुख्याध्यापकांच्या परवानगीने, त्याचा प्लग काढून, त्याची एक बाजू मुलांसमोर उघडा. हा प्रोसेसर, ही रॅम, ही तार इकडून तिकडे जाते, एवढे दाखवा. एसएमपीएसची पेटी मात्र उघडू नका; प्लग काढल्यावरही तिच्यात काही काळ वीज साठून असते. एवढे दाखवले की ज्या मुलाला हे यंत्र घ्यायचे आहे, तो दुकानात जाऊन रंगीत दिव्यांकडे पाहणार नाही. तो आधी विचारील, "एसएमपीएस कोणता बसवता?"