हाफ इंजिन, पूर्ण समाधान!

मैत्रिणींनो, शीर्षक वाचून पान उलटू नका. 'हाफ इंजिन' हा गॅरेजमधला शब्द आहे, आणि घरात जुनी स्कूटर असेल तर कधी ना कधी तो तुमच्या कानावर पडणारच. मेकॅनिक गाडीला दोन किका मारतो, मान हलवतो आणि म्हणतो, "वहिनी, हाफ इंजिन करावं लागेल." आपण विचारतो, "किती खर्च?" तो सांगतो तो आकडा ऐकून आपला महिन्याचा हिशेब कोलमडतो. पण हाफ इंजिन म्हणजे नेमके काय करणार, हे आपण विचारतच नाही. शिलाई मशीनचा पट्टा आपण बदलतो, मिक्सरचे ब्रश घालून आणतो, मग स्कूटरचीच भीती का?

आमच्या घरी मामंजींची १९९६ सालची बजाज चेतक आहे. ही गाडी आकुर्डीच्या कारखान्यात १९७२ साली सुरू झाली आणि राणाप्रतापांच्या घोड्याचे नाव तिला दिले, हे तुम्हांला ठाऊक असेलच. एके काळी पैसे भरून वर्षानुवर्षे नंबर लागायची वाट पाहावी लागे. ती जुनी पेट्रोलची चेतक बंद होऊनही बरीच वर्षे झाली. २०२० पासून त्याच नावाची विजेवरची स्कूटर मिळते, पण ती वेगळी. आमची मात्र अजून किक मारायची, आणि किक मारण्याआधी एका बाजूला झुकवायची!

मामंजी तिची सगळी कामे स्वतः करत. दोन वर्षांपूर्वी त्यांना कंपवाताचा त्रास सुरू झाला. कपातला चहा बशीत सांडू लागला, तिथे पाना कुठला धरणार? आणि नेमकी त्याच सुमारास स्कूटरने मान टाकली. यवतेश्वरच्या घाटात दुसऱ्या गिअरवरही दम लागायचा, धूर वाढला, पेट्रोल जास्त जाऊ लागले आणि किक अगदी हलकी, पोकळ लागू लागली. एका गॅरेजवाल्याने पाहून 'फुल इंजिन' सांगितले. आमच्या ह्यांनी सरळ भंगारवाल्याला फोन लावला. मामंजी काही बोलले नाहीत. त्या रात्री जेवले मात्र अर्धीच भाकरी.

माझा प्रश्न निराळा होता. मी सकाळच्या वेळात शाळेत शिकवते. शाळा सहा किलोमीटरवर, आणि बसच्या वेळा शाळेच्या वेळांशी फटकून. स्कूटर गेली तर नवीन गाडीचा हप्ता भरायचा, नाहीतर नोकरी सोडायची. माझ्या पगारात हप्ता भरला की हातात काय उरणार, तेही मी मांडून पाहिले. दुसऱ्या दिवशी मी मामंजींना म्हटले, "तुम्ही सांगा, हात माझे."

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सूनबाई, आधी वही आणा. खोलताना लिहायचं, म्हणजे लावताना आठवायला लागत नाही."

आधी समजून घेऊ

चेतकचे इंजिन टू-स्ट्रोक आहे. त्याचा वरचा भाग म्हणजे तीनच मोठ्या वस्तू: वरचे झाकण, म्हणजे 'हेड'. त्याखाली लोखंडी नळकांडे, म्हणजे 'ब्लॉक'. आणि त्या नळकांड्यात पुढे-मागे पळणारा 'पिस्टन'. नळकांड्याचा व्यास ५७ मिलिमीटर आणि पिस्टनची धावही ५७ मिलिमीटर. साधारण आमटीच्या वाटीएवढा संसार! पिस्टनच्या कडेला खाचांमध्ये रिंगा बसवलेल्या असतात. कुकरला जशी रबरी रिंग, तशा या पिस्टनला. कुकरची रिंग सैल झाली की वाफ जाते आणि डाळ कच्ची राहते. इथे रिंगा झिजल्या की दाब निसटतो आणि गाडी दमते.

शिवाय टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर ऑइलही जळते. त्याची काजळी पिस्टनच्या माथ्यावर, हेडच्या आत आणि धूर बाहेर जाण्याच्या भोकात साचते. तव्यावर जळके थर चढतात तसेच. भोक अरुंद झाले की इंजिनाचा श्वास कोंडतो. या भागातले काम म्हणजे हाफ इंजिन. खालचा क्रँक आणि गिअर खोलले तर ते फुल इंजिन.

पण एकदम पाना हातात घेऊ नका. आधी स्वस्त कारणे पाहा. प्लग नवा घालून पाहा, कार्बोरेटर साफ करा, सायलेन्सर काजळीने तुंबला आहे का ते बघा. एवढे करूनही किक पोकळच लागली, तर हेड उघडायचे. आमच्याकडे हे तिन्ही करून झाले होते.

साहित्य

प्लगपाना, ११ नंबरचा पाना व बॉक्सपाना, पक्कड, टोकदार नोज प्लायर, स्क्रूड्रायव्हर, लाकडाची बोथट पट्टी, थोडे डिझेल, जुना टूथब्रश, धुतलेली सुती फडकी, मुलांच्या मापाच्या चार-पाच वाट्या किंवा डबे. नव्या वस्तूंत पिस्टन, रिंगा, पिस्टनची पिन, तिच्या दोन्ही टोकांच्या क्लिपा आणि पॅकिंगचा संच. जुन्या क्लिपा 'चांगल्या दिसतात' म्हणून परत घालू नयेत. एक क्लिप सुटली तर नवा ब्लॉक ओरबाडून काढते.

जागा मोकळी आणि हवेशीर हवी. गॅसची शेगडी, उदबत्ती, निरांजन जवळ नको, कारण पेट्रोलची वाफ दिसत नाही. डोळ्यांना चष्मा असू द्या. लहान मुले आजोळी पाठवता आली तर उत्तम!

कृती: खोलणे

गाडी पूर्ण थंड झाल्यावर मोठ्या स्टँडवर घट्ट उभी करा. पेट्रोलचा कॉक बंद करा. उजव्या बाजूचे बॉनेट काढा, प्लग काढा, मग सायलेन्सर सोडवा. इंजिनावर हवा वळवणारे पत्र्याचे आवरण निघाले की आत पंखे-पंखे असलेले हेड दिसते. जागा अपुरी वाटली तर मागच्या शॉकॲब्सॉर्बरचा खालचा बोल्ट काढून, बॉडी आधार देऊन थोडी वर घेता येते.

हेडला चार नट असतात. एक नट पूर्ण सोडून मग दुसऱ्याकडे जायचे नाही. समोरासमोरचे दोन, मग उरलेले दोन, असे थोडे थोडे सैल करायचे, म्हणजे हेड वाकडे होत नाही. हेड निघाले की ब्लॉक हलक्या हाताने बाहेर ओढायचा. तो जरासा सरकताच खालच्या तोंडात स्वच्छ फडके कोंबा. मामंजी हे तीनदा बजावून म्हणाले, "त्या विहिरीत क्लिप पडली तर फुल इंजिनच!"

क्लिपा काढल्या की पिन सरकवून पिस्टन सुटतो. पिन घट्ट असेल तर ठोकू नका. ठोकल्याने खालचा रॉड वाकतो. गरम पाण्यात पिळलेले फडके पिस्टनभोवती गुंडाळा. ॲल्युमिनियम फुगते आणि पिन सहज निघते. ही युक्ती बरणीचे घट्ट झाकण उघडणाऱ्या कुठल्याही गृहिणीला शिकवावी लागत नाही.

आता ब्लॉकच्या आतून बोट फिरवा. वरच्या टोकाला नखाला कड लागते का? उभे ओरखडे आहेत का? असतील तर नुसत्या रिंगा बदलून भागत नाही. ब्लॉकला 'बोअर' मारून, त्याला बसेल असा किंचित मोठा, ओव्हरसाइझ पिस्टन घालावा लागतो. आमच्या ब्लॉकला कड चांगलीच लागत होती.

हे मात्र घरी नाही

बोअर मारणे हे लेथचे काम आहे. ते वर्कशॉपमध्येच करावे. पण तिथेही दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, कोणता ओव्हरसाइझ लागेल हे आधी मोजून घ्या, मग पिस्टन विकत घ्या आणि तो ब्लॉकबरोबर द्या. पिस्टन मोजून त्याप्रमाणे बोअर मारतात. आधी बोअर आणि मग पिस्टन शोधणे म्हणजे ब्लाउज शिवून मग बाईचे माप घेणे! दोन, माप आपल्यासमोर घ्यायला सांगा. मी उभी राहिले तेव्हा तिथल्या कारागिराने "साहेब नाही आले?" असे विचारले. मी म्हटले, "साहेब भंगारात घालायला निघालेत. माप मला दाखवा." तो हसला आणि त्याने नीट दाखवले.

घरी आणल्यावर ब्लॉक गरम पाणी आणि साबणाने घासून धुवा. आत पांढरे फडके फिरवून ते पांढरेच निघेपर्यंत धुवायचे. त्यात बारीक लोखंडी कीस असतो, तो राहिला तर नव्या रिंगा खातो. कोरडा करून लगेच आतून ऑइल लावा. बिडाला गंज धरायला वेळ लागत नाही.

कृती: बसवणे

दरम्यान हेडमधली काजळी लाकडी पट्टीने खरवडा. सुरी किंवा पोलादी तासणी वापरू नका, ॲल्युमिनियमवर चरे पडतात. धूर जाण्याचे भोकही साफ करा.

नवी रिंग आधी एकटीच ब्लॉकमध्ये सरकवून पिस्टनने सारखी करा आणि तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने मोजा. पाव मिलिमीटरच्या आसपास फट हवी. फट नसेल तर तापल्यावर रिंग फुगून अडकते. मग रिंगा पिस्टनवर चढवा. बांगडी भरताना हाताला जपतो तसे जपून, कारण त्या ताणल्या की मोडतात. खाचेत एक बारीक खुंटी असते. रिंगेची दोन्ही टोके बरोबर त्या खुंटीशी यायला हवीत.

पिस्टनच्या माथ्यावर बाण असतो. तो धुराच्या भोकाकडे, म्हणजे सायलेन्सरच्या बाजूला हवा. पिन घाला, क्लिपा बसवा आणि प्रत्येक क्लिप खाचेत पूर्ण बसली की नाही हे बोटाने फिरवून पाहा. ब्लॉकखाली नवे पॅकिंग, सगळीकडे टू-टी ऑइलचा हात. बोटांनी रिंगा दाबत ब्लॉक हळूच सरकवायचा. अडला तर जोर करायचा नाही, मागे घेऊन पुन्हा बघायचे. आता फडके काढायला विसरू नका. ते ब्लॉक पूर्ण सरकण्याआधीच निघाले पाहिजे! हेड ठेवून चारही नट पुन्हा समोरासमोर, टप्प्याटप्प्याने आवळा. टॉर्कपाना मिळाला तर गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाने आवळणे सर्वांत चांगले.

मग प्लग न लावता किक हाताने सावकाश दाबून पाहा. कुठे अडत नाही ना? मगच प्लग लावायचा.

आमची गाडी पाचव्या किकला सुरू झाली. मामंजी खुर्चीतून उठले आणि थरथरता हात त्यांनी सीटवर ठेवला. ह्यांनी भंगारवाल्याचा नंबर पुसला की नाही, मी विचारले नाही. खर्च मात्र त्या गॅरेजने सांगितलेल्या रकमेच्या तिसऱ्या हिश्शात बसला.

नंतरची काळजी

नव्या पिस्टनला नव्या सुनेसारखे वागवा, पहिल्याच दिवशी पुरणाचा घाट नको. निदान ५०० किलोमीटर पूर्ण ॲक्सिलरेटर, चढाचे घाट आणि डबल सीट लांबचा प्रवास टाळा. पहिल्यांदा तापून पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट तपासा. ऑइल रोजच्यासाठी लिटरला २० मिलिलिटर. सुरुवातीच्या दिवसांत मामंजींनी त्याहून थोडे जास्त घालायला लावले. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि ते ओलावा ओढते, म्हणून गाडी महिनोन्महिने भरल्या टाकीने उभी ठेवू नका. आठवड्याने प्लग काढून पाहा. टोक चॉकलेटी असेल तर छान. काळे, तेलकट असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त होते आहे. पांढरट असेल तर इंजिन तापते आहे, थांबून मेकॅनिकला दाखवा.

वापरलेले डिझेल आणि ऑइल मोरीत ओतू नका, डब्यात भरून गॅरेजला द्या. पीयूसी काढा. आणि पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओकडे नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, तेही वेळेत करा. कागद नसतील तर चांगले इंजिनही कामाचे नाही.

एक सावधगिरीची सूचना. हे सगळे टू-स्ट्रोक गाडीपुरते. फोर-स्ट्रोकच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह, कॅम आणि टायमिंगची साखळी असते. त्या वाटेला घरी जाऊ नये.

आणि प्रत्यक्ष पाना हातात घ्यायचा नसेल तरी हरकत नाही. पुढच्या वेळी गॅरेजमध्ये 'हाफ इंजिन' म्हटले की एवढेच विचारा: "बोअर मारणार की नुसत्या रिंगा? नव्या क्लिपा घालणार ना? जुना पिस्टन मला परत द्या." जुना पिस्टन मागून घ्यायची सवय ठेवा. आमचा आता खिडकीत ठेवला आहे, त्यात मुलांच्या पेन्सिली छान राहतात.