मातींतील औषधें

पावसाळ्याच्या आरंभीं तापलेल्या जमिनीवर पहिली सर पडली म्हणजे जो सुवास सुटतो, तो कोणास ठाऊक नाहीं? परंतु हा गंध बहुतांशीं मातीचा स्वतःचा नव्हे. मातींत राहणारे कांहीं सूक्ष्मजंतु जिओस्मिन नांवाचें द्रव्य तयार करतात, व पावसाच्या थेंबांच्या आघातानें तें हवेंत उडतें. ज्या कुळांतील जंतूंपासून हा गंध येतो, त्याच कुळानें गेल्या शतकांत मनुष्यजातीस क्षयरोगावरील पहिलें परिणामकारक औषध दिलें. त्या औषधाची व त्याच्या भावंडांची हकीकत, आणि आपण त्यांची जी नासाडी चालविली आहे तिची हकीकत, आम्ही येथें सांगणार आहों.

जंतु म्हटले कीं रोग, अशी आपली समजूत असते. ती निम्मीहि खरी नाहीं. रात्रीं दुधास विरजण लावून निजणारी गृहिणी कोट्यवधि जंतूंस कामास लावून निजते. शेतकऱ्याचेंहि तसेंच. हरभऱ्याचें किंवा भुईमुगाचें एखादें रोप हलक्या हातानें उपटून पाहावें; मुळांवर लहान लहान गांठी दिसतील. त्यांतील एखादी नखानें चिरली असतां आंत गुलाबी रंग दिसला, तर आंतील जंतु कामावर आहेत असें समजावें. हवेंत सुमारें ७८ टक्के नत्रवायु असतो, पण झाडास तो जसाच्या तसा घेतां येत नाहीं. हे जंतु त्याचें झाडास मानवेल असें अन्न करून देतात, आणि झाड त्यांस मोबदल्यांत साखर पुरवितें. १८८८ सालीं हॉलंडांतील बायजेरिंक या शास्त्रज्ञानें हे जंतु गांठींतून वेगळे काढून वाढविले. आज पेरणीपूर्वीं बियाण्यास चोळण्यासाठीं रायझोबियमचीं पाकिटें विकत मिळतात, त्यांत हेच जंतु असतात.

मातींत सर्वच असे गुण्यागोविंदानें नांदत नाहींत. तेथें अन्न थोडें आणि खाणारे फार. म्हणून कांहीं जाति शेजाऱ्यांस मारणारीं किंवा त्यांची वाढ खुंटविणारीं द्रव्यें बाहेर सोडतात. हें हत्यार आपणांस उसनें घेतां येईल काय, असा प्रश्न अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानांत रट्गर्स विद्यापीठाचे अध्यापक वॅक्समन यांनीं हातीं घेतला. १९४३ सालीं त्यांचा तरुण शिष्य आल्बर्ट शाट्झ यानें तळघरांतील प्रयोगशाळेंत स्ट्रेप्टोमायसिन शोधून काढलें. ज्या जंतूपासून तें मिळालें, त्याचा एक नमुना शेतांतील खतावलेल्या मातींतून व दुसरा एका कोंबडीच्या घशांतून आला होता! १९५२ सालचें नोबेल पारितोषिक मात्र एकट्या गुरूंस मिळालें. शिष्याचें नांव त्यांतून वगळलें गेलें, हें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.

क्षयावर हें औषध खरोखर चालतें काय, याची परीक्षा इंग्लंडांत फार काळजीपूर्वक झाली. १९४८ सालीं तिचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. ५५ रोग्यांस औषध व विश्रांति, आणि ५२ रोग्यांस केवळ विश्रांति, अशी वांटणी चिठ्ठ्या टाकाव्या तशी केली होती. सहा महिन्यांत पहिल्या गटांतील ४, तर दुसऱ्यांतील १४ दगावले. यश डोळ्यांत भरण्यासारखें होतें. परंतु औषध घेणाऱ्या पुष्कळ रोग्यांच्या कफांत पुढें असे जंतु सांपडूं लागले कीं ज्यांवर औषधाचा कांहींएक परिणाम होईना. आणि पांच वर्षांनीं पाहिलें, तेव्हां दोन्ही गटांतील मृत्यूंच्या संख्येंत फारसा फरक उरला नव्हता.

हें कसें घडतें तें शेतकऱ्याच्या मुलास सांगावयास नको. खुरपणींत कोंवळें गवत तेवढें काढलें आणि हरळी तशीच ठेविली, तर पुढच्या हंगामास तें शेत हरळीचेंच होतें. कोट्यवधि जंतूंत योगायोगानें दहापांच असे निघतात कीं त्यांस औषध बाधत नाहीं. बाकीचे मेले म्हणजे मोकळें रान त्यांस मिळतें. एवढेंच नव्हे, तर आपल्या अंगचा हा गुण ते शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जंतूंसहि देऊं शकतात. म्हणूनच क्षयावर आतां तीन-चार औषधें एकदम आणि महिनोन्‌महिने द्यावीं लागतात. एका औषधांतून निसटलेला जंतु दुसऱ्यानें मरतो. खोकला थांबला म्हणून दुसऱ्याच महिन्यांत गोळ्या सोडणारा रोगी घरांत हरळी राखून ठेवतो.

साधें पडसें व फ्लू विषाणूंपासून होतात. त्यांवर या औषधांचा मुळींच उपयोग नाहीं. तरीहि मुलाचें नाक वाहूं लागलें कीं मागच्या आजारांतील उरलेल्या गोळ्या फडताळांतून काढणारीं घरें थोडीं आहेत काय? भारत सरकारनें २०१६ सालीं, पाकिटावर उभी तांबडी रेघ असलेलें औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून घेऊं नये, असा प्रचार केला. कोंबड्या व जनावरें लवकर पोसावींत म्हणून खाद्यांत कोलिस्टिन हें मनुष्याचें निर्वाणीचें औषध मिसळीत. तें २०१९ सालीं सरकारनें बंद केलें. त्याच एका वर्षीं औषधांस न जुमानणाऱ्या जंतूंमुळें जगांत सुमारें १२ लाख ७० हजार माणसें प्रत्यक्ष दगावलीं, असा अंदाज १९२२ मध्यें नव्हे, तर अगदीं अलीकडे, २०२२ सालीं प्रसिद्ध झाला आहे.

अवेळीं घेतलेलें औषध आणखी एक हानि करतें. आपल्या देहांत सुमारें ३८ लाख कोटि जंतु राहतात, म्हणजे देहाच्या स्वतःच्या पेशींहूनहि कांहींसे अधिक, असें २०१६ सालीं केलेल्या गणनेंत आढळलें. त्यांतील बहुतेक आंतड्यांत असतात व दुष्ट जंतूंस थारा मिळूं देत नाहींत. औषधानें हे राखणदार मेले म्हणजे कधीं कधीं एक चिवट अतिसार उद्भवतो. ॲम्स्टरडॅम येथील वैद्यांनीं अशा रोग्यांच्या पोटांत निरोगी माणसाच्या मळांतील जंतु नळीनें सोडले. वाचकांस किळस येईल खरी. पण १६ पैकीं १३ रोगी एकाच वेळच्या उपचारानें बरे झाले, आणि केवळ औषधावर ठेविलेल्या १३ पैकीं ४ च. हा वृत्तान्त २०१३ सालचा आहे.

नवीं औषधें शोधावींत, तर अडचण अशी कीं मातींतील सुमारें शेंकडा ९९ जंतु प्रयोगशाळेंतील बशींत वाढतच नाहींत. यावर बोस्टन येथील संशोधकांनीं एक सुरेख युक्ति काढली. एका लहानशा पट्टीस बारीक छिद्रें पाडून प्रत्येकांत सरासरी एकेक जंतु ठेविला, दोन्ही अंगांस झिरपता पडदा लाविला, आणि ती पट्टी पुन्हां मातींतच पुरली! आपल्या घरीं परतलेले जंतु वाढूं लागले. या रीतीनें मेन संस्थानांतील गवताळ जमिनीच्या मातींतून टेक्सोबॅक्टिन हें नवें द्रव्य मिळाल्याचें २०१५ सालीं जाहीर झालें. उंदरांवरील प्रयोगांत तें यशस्वी ठरलें आहे. २०२३ सालीं याच युक्तीनें उत्तर कॅरोलायनांतील रेताड मातींतून क्लोव्हिबॅक्टिन नांवाचें दुसरें द्रव्य हातीं आल्याची वार्ता प्रसिद्ध झाली.