टॅली न लागलेली पद्मिनी

माझी गाडी १९८९ सालची प्रीमियर पद्मिनी. मी ती सेकंडहँड घेतली तेव्हाच नऊ वर्षांची होती. आता आमच्या बेव्हर्ली पार्कच्या सोसायटीत तिच्या शेजारी कुणी गाडी लावत नाही, तेल गळतं म्हणून. कुर्ल्याच्या कारखान्यातल्या या गाडीला १९७४ मध्ये पद्मिनी नाव मिळालं, तरी आमच्या पिढीच्या तोंडी ती फियाटच राहिली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. तेव्हापासून तिचे सुटे भाग जपणारे आणि तिचं दुखणं ओळखणारे मिस्त्री शोधावे लागतात.

गेल्या वर्षी तिनं एक खोड काढली. ठाण्याला मेहुणीकडे जायचं म्हणून टाकी भरून निघावं, काशीमिऱ्याहून घोडबंदर रस्त्याला लागावं आणि गायमुखच्या चढणीला बाईसाहेबांनी आचके देऊन बंद पडावं. मागे ट्रकांची रांग, हॉर्नचा गलका आणि शेजारच्या सीटवर सौभाग्यवतींचं मौन. अर्ध्या तासानं एका सेलमध्ये पुन्हा चालू! गॅरेजात नेली की तर शहाण्यासारखी वागायची.

अशी गाडी बंद पडली की दोनच खाती तपासायची: पेट्रोल पोचत नाही, की करंट? गरम झाल्यावर बंद पडते म्हटलं की संशयित ठरलेले. कॉइल किंवा कंडेन्सर तापून दगा देतो, नाहीतर एसी पंपाजवळ पेट्रोलची वाफ होते. वाफ असेल तर पंपावर ओलं फडकं ठेवावं, थोड्या वेळात काम होतं. हल्लीच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनं जुन्या रबरी नळ्या मऊ पडतात, हा नवा संशयित.

माझ्या मिस्त्रीनं कॉइल बदलली. गाडी पुन्हा बंद. कार्बोरेटर खोलून साफ केला. पुन्हा बंद. तेव्हा मी चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, "पार्ट विकायचा धंदा मांडलायस तू." तो काही बोलला नाही. फडक्याला हात पुसत आत गेला. दुसऱ्या गॅरेजवाल्यानं इंजिन उतरवायला सांगितलं. त्याचा आकडा ऐकून मी घरी आलो.

मग बँकेतली सवय आठवली. हातानं लेजर लिहायचो त्या काळी टॅली लागली नाही की आधी फरकाचा आकडा पाहायचा. नऊनं भाग गेला तर कुणीतरी दोन आकडे उलटे लिहिले असण्याचा संभव. ५४ चे ४५. एकदा मी आकडा न पाहता माणसाकडे पाहिलं होतं. रात्री आठपर्यंत कॅशियरला बसवून ठेवलं आणि चूक माझ्याच व्हाउचरात निघाली.

एक वही केली. तारीख, ऊन, अंतर, टाकीत पेट्रोल किती. सहा आठवड्यांनी रकाने वाचले. गाडी पाच वेळा बंद पडली, पाचही वेळा टाकी भरलेली. अर्ध्या टाकीवर भर दुपारीही कधी नाही. म्हणजे उन्हाचा संबंधच नव्हता!

पेट्रोल खर्च होईल तशी टाकीत हवा शिरावी लागते. ती शिरली नाही तर आत पोकळी होते आणि पंपाची ओढ कमी पडते. टाकी भरलेली असली की वर हवा थोडी, म्हणून हे लवकर घडतं. अर्ध्या तासात कुठून तरी हवा झिरपली की गाडी चालू. पुढच्या खेपेला चढणीवर मी टाकीचं झाकण उघडलं. सुस्स झालं. सेल मारला, गाडी सुरू.

झाकण नवं होतं. पेट्रोल चोरीला जातं म्हणून मीच कुलपाचं आणून बसवलं होतं. जुन्याला हवेची वाट होती, याला नव्हती. मिस्त्रीनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "साहेब, अलीकडे काही बदललंय का?" आणि मी "काही नाही" म्हणालो होतो.

झाकण घेऊन गॅरेजात गेलो. "चुकलं माझं," म्हणालो. त्यानं झाकण तोंडाला लावून फुंकून पाहिलं. "जुनं असेल ना घरी? तेच लावा." मग फळीवरून कागदात गुंडाळलेली माझी जुनी कॉइल काढली.

"ही चांगलीच आहे, साहेब. डिकीत ठेवा. आता मिळत नाही."