डेटाबेस शिकताना आधी काय शिकावे?

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा राज्याचा ३६ वा जिल्हा झाला. पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड हे आठ तालुके नव्या जिल्ह्यात आले. या तालुक्यांतले पत्ते ज्यांच्या दप्तरी होते, त्यांना नोंदी बदलणे भाग पडले. असा बदल किती जड जातो, हे संगणक किती नवा किंवा सॉफ्टवेअर किती महाग यावर ठरत नाही, डेटाबेसमधले तक्ते कसे आखले आहेत यावर ठरते. प्रत्येक ग्राहकाच्या ओळीत ‘बोईसर, ता. पालघर, जि. ठाणे’ असा अख्खा पत्ता लिहिला असेल, तर तेवढ्या सगळ्या ओळी दुरुस्त कराव्या लागतात. त्यातल्या काही सुटतात आणि एकाच गावचे दोन ग्राहक दोन जिल्ह्यांत दिसू लागतात. याउलट ग्राहकाच्या ओळीत फक्त गावाचा क्रमांक, गावाच्या तक्त्यात तालुक्याचा क्रमांक आणि तालुक्याच्या तक्त्यात जिल्हा अशी मांडणी असेल, तर आठ ओळी बदलल्या की काम झाले.

एका गोष्टीची नोंद एकाच जागी असावी, हे यामागचे तत्त्व कोणत्याही सॉफ्टवेअर कंपनीच्या मालकीचे नाही. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतले एडगर कॉड यांनी १९७० साली एका शोधनिबंधात माहिती साध्या तक्त्यांत कशी मांडावी आणि ते तक्ते सामाईक मूल्यांनी कसे जोडावेत, याचा गणिती पाया घातला. अनावश्यक पुनरुक्ती काढून टाकण्याचे नियम, म्हणजे नॉर्मलायझेशन, त्यांनीच पुढे बांधून दिले. १९७६ मध्ये पीटर चेन यांनी त्याच्याही आधीची पायरी दाखवली: आधी वस्तू आणि त्यांचे परस्परसंबंध चित्रात रेखाटा, तक्ते त्यातून निघतील. सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या येतात-जातात, हा पाया पन्नास वर्षे टिकून आहे. म्हणून शिकण्याचे साधन निवडताना पहिली कसोटी हीच लावावी, की ते नुसती बटणे दाबायला शिकवते की आखणी शिकवते? चांगला धडा आपल्याकडून आराखडा करून घेतो, मग परिस्थिती बदलतो आणि आराखडा कुठे मोडतो ते दाखवतो. पालघरचेच उदाहरण पुढे न्यावे. डहाणूतल्या २०१० सालच्या व्यवहाराच्या पावतीची आज प्रत काढली, तर तिच्यावर जिल्हा ठाणेच छापला गेला पाहिजे. म्हणजे आठ ओळी बदलून भागले नाही; तालुका आणि जिल्हा यांच्या जोडीला ‘कधीपासून’ आणि ‘कधीपर्यंत’ या तारखाही हव्यात. हा प्रश्न ज्याला आपणहून सुचू लागला, तो आखणी शिकू लागला.

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत या विद्येची गरज रोजची आहे. औषधनिर्मिती कारखान्याचे स्टोअर घ्या. आलेल्या कच्च्या मालाच्या खेपेला लॉट नंबर मिळतो, तयार मालाला बॅच नंबर. एका बॅचमध्ये अनेक लॉट जातात आणि एक लॉट अनेक बॅचमध्ये वाटला जातो. एक्सेलमध्ये नवखा माणूस सहज बॅचपुढे ‘लॉट १’, ‘लॉट २’, ‘लॉट ३’ असे रकाने आखतो. चौथा लॉट आला की रकाना वाढवावा लागतो. एखादा लॉट सदोष निघाला तर तो कोणकोणत्या बॅचमध्ये गेला हे शोधताना सगळे रकाने चाळावे लागतात. उपाय म्हणजे तिसरा तक्ता, ज्याच्या एका ओळीत एक लॉट, एक बॅच आणि वापरलेले वजन. मग या बॅचमध्ये काय काय गेले आणि हा लॉट कुठे कुठे गेला, ही दोन्ही उत्तरे एकाच ठिकाणी मिळतात. शिवाय वापरलेल्या वजनांची बेरीज आलेल्या मालापेक्षा जास्त भरली, तर नोंदीतली चूकही पकडता येते. माल बाजारातून परत मागवायची वेळ येते, तेव्हा हा तिसरा तक्ता आहे की नाही यावर बरेच काही अवलंबून असते.

आखणी शिकवण्याच्या कसोटीला उतरणारी साधने आपल्या जवळच आहेत आणि बरीचशी फुकट आहेत. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिबरऑफिस बेस या डेटाबेस सॉफ्टवेअरवरची छोटी दृक्‌श्राव्य पाठमाला आहे. अर्ध्या पडद्यावर पाठ आणि अर्ध्यावर सॉफ्टवेअर ठेवून सोबत करत जायचे, अशी तिची पद्धत. तिच्यातले ग्रंथालयाचे उदाहरण पुस्तके, सभासद आणि दिलेली पुस्तके अशा तक्त्यांवर उभे आहे. यातला दिलेल्या पुस्तकांचा तक्ता म्हणजे लॉट आणि बॅचच्या उदाहरणातला तिसरा तक्ताच. पुढच्या टप्प्यावर सिल्बरशॅट्झ, कॉर्थ आणि सुदर्शन यांचे ‘डेटाबेस सिस्टम कन्सेप्ट्स’ हे पाठ्यपुस्तक घ्यावे. यातले एस. सुदर्शन पवईच्या आयआयटीतले प्राध्यापक. पुस्तकाच्या स्लाइड आणि सरावाची माहिती इंटरनेटवर खुली आहे. एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर आयआयटी खरगपूरचा अभ्यासक्रमही मोफत पाहता येतो. चित्र काढायला मायएसक्यूएल वर्कबेंच चालते. ते आकृतीवरून तक्त्यांचे आदेशही तयार करून देते. सरावाला एसक्यूलाइट सोपे, कारण सगळा डेटाबेस एका फाइलमध्ये मावतो. मात्र तक्त्यांमधले दुवे तपासण्याची सोय त्यात मुळात बंद असते, ती आपण चालू करावी लागते. जो धडा हे सांगत नाही, तो वाचून अस्तित्वात नसलेल्या बॅचच्या नोंदीही बिनतक्रार स्वीकारणारा डेटाबेस तयार होऊ शकतो.

यावर पहिला आक्षेप नोकरीचा असतो. मुलाखतीत कोणते सॉफ्टवेअर येते ते विचारतात, मग आधी तेच का शिकू नये? आक्षेप रास्त आहे, पण कारखाना बदलला की सॉफ्टवेअर बदलते. आखणी ज्याला कळते तो नवे सॉफ्टवेअर थोड्या दिवसांत उचलतो. नुसते पडदे पाठ केलेल्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. दुसरा आक्षेप इंग्रजीचा. चांगली पुस्तके इंग्रजीत आहेत, हे खरेच. परंतु आखणीचा विचार मराठीत करता येतो, आकृतीतली नावे मराठीत लिहिता येतात आणि एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेला सुरुवातीला लागणारे इंग्रजी शब्द मोजकेच आहेत. तिसरा आक्षेप ताजा आहे: कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणात तक्ते आखून देते, मग शिकायचे कशाला? ती तक्ते देते, पण आपल्या स्टोअरमध्ये लॉट फोडून दोन ठिकाणी ठेवतात का, परत आलेल्या मालाला नवा नंबर देतात का, हे आपण सांगितल्याशिवाय तिला कळत नाही. नेमके काय सांगायचे आणि मिळालेल्या आराखड्यात काय राहून गेले, हे ओळखायलाच आखणी यावी लागते.

तेव्हा नवशिक्याने क्रम असा ठेवावा: ग्रंथालयाचे तयार उदाहरण पूर्ण करावे, मग एखादे खरे रजिस्टर घेऊन त्याची आकृती कागदावर काढावी आणि सॉफ्टवेअर त्यानंतर उघडावे. ती आकृती त्या रजिस्टरवर काम करणाऱ्या स्टोअरकीपरला दाखवावी. अर्धवट वापरलेला ड्रम कुठे लिहायचा, चलनाआधी माल आला तर काय, असे प्रश्न तोच विचारू शकतो आणि ते कोणत्याही अभ्यासक्रमात तयार मिळत नाहीत. पालघर-बोईसरच्या महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांना असे परीक्षक मिळवून दिले, तर शिकणाऱ्याला खरे काम कळेल आणि कारखान्याला नोंदी समजणारी माणसे मिळतील. कारखाने आणि महाविद्यालये इथे इतकी जवळ आहेत, की यासाठी फार दूर जायला नको.