कपाळाला एक, गालाला एक

दुपार कलायला लागली की नाक चकाकतं, कपाळावरून हात फिरवला तर बोटं तेलकट होतात. आणि त्याच चेहऱ्याचे गाल मात्र धुतल्यावर ओढल्यासारखे वाटतात, थंडीत पांढरट पडतात. या त्वचेला प्रसाधनांच्या बाजारात कॉम्बिनेशन स्किन म्हणतात, मराठीत मिश्र त्वचा. तेलकट त्वचेसाठीचा फेसवॉश आणला तर गालांची सालपटं निघतात, कोरड्या त्वचेचं क्रीम लावलं तर कपाळावर पुटकुळ्या उठतात. मग ‘कॉम्बिनेशन टू ऑइली’, ‘नॉर्मल टू कॉम्बिनेशन’, ‘ऑल स्किन टाइप्स’ अशा बाटल्यांपुढे ग्राहक उभा राहतो आणि बहुधा सर्वांत महागडी उचलून घरी येतो. प्रत्यक्षात मिश्र त्वचेसाठी वेगळं शास्त्र असं फारसं नाही. चेहऱ्याच्या कोणत्या भागाला काय हवं आहे एवढं कळलं, तर बाटलीच्या पुढच्या बाजूचा मजकूर वाचण्याची गरजच उरत नाही.

त्वचेचे कोरडी, सामान्य, तेलकट असे प्रकार पाडण्याचं श्रेय सहसा हेलेना रुबिनस्टाइन यांना दिलं जातं. क्राकोव्हमध्ये जन्मलेल्या या बाईंनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात मेलबर्न इथं क्रीमचं दुकान थाटलं आणि पुढे लंडन, पॅरिस, न्यूयॉर्कपर्यंत व्यवसाय नेला. म्हणजे ही वर्गवारी रुजली ती दुकानाच्या काउंटरवर. सुमारे शंभर वर्षांनी मायामीच्या त्वचारोगतज्ज्ञ लेस्ली बाउमन यांनी त्वचेचे 16 प्रकार मांडले. त्वचा तेलकट की कोरडी, संवेदनशील की सोशिक, डाग पडणारी की न पडणारी, सुरकुतणारी की घट्ट, या चार प्रश्नांच्या उत्तरांतून ते 16 प्रकार तयार होतात. त्यांत ‘कॉम्बिनेशन’ नावाचा स्वतंत्र प्रकार नाही.

याचं कारण चेहऱ्याच्या रचनेतच आहे. कपाळ, नाक आणि हनुवटी मिळून इंग्रजी ‘टी’ अक्षर होतं, म्हणून या पट्ट्याला टी-झोन म्हणतात. गाल आणि जबड्याची कड हा यू-झोन. तेलग्रंथींची सर्वाधिक दाटी चेहरा आणि डोक्यावर असते, त्यातही टी-झोनमध्ये जास्त. तळहात आणि तळपायांवर त्या अजिबात नसतात. या ग्रंथींमधून पाझरणाऱ्या तेलाला सीबम म्हणतात. त्यात ट्रायग्लिसराइड, मेणासारखे घटक आणि स्क्वॅलीन असतं. ग्रंथींचा कारभार मुख्यतः अँड्रोजेन संप्रेरकांच्या हातात असतो. म्हणून वयात येताना चेहरा तेलकट होतो, पुरुषांचा सहसा स्त्रियांपेक्षा अधिक तेलकट असतो आणि रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांच्या त्वचेतलं तेल घटतं. कपाळ गालापेक्षा तेलकट असणं हा बिघाड नाही. बहुतेकांचं तसंच असतं. दोन्हींतला फरक जाणवण्याइतका वाढला की त्याला मिश्र त्वचा म्हणायचं, इतकंच.

हा फरक मोजताही येतो. सेबुमीटर नावाच्या उपकरणात एक धूसर पट्टी त्वचेवर दाबतात. तेल शोषलं की पट्टी पारदर्शक होते आणि तिच्यातून किती प्रकाश आरपार गेला यावरून तेलाचं प्रमाण कळतं. दक्षिण कोरियात सांग वूंग यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीचा वापर करून दोन महत्त्वाच्या गोष्टी दाखवल्या. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लोकांनी स्वतः सांगितलेला त्वचेचा प्रकार आणि उपकरणानं मोजलेलं तेल यांचा मेळ बसत नव्हता. 2005 च्या अभ्यासात चेहऱ्याच्या वेगवेगळ्या भागांतलं तेल ऋतूंनुसार मोजलं गेलं. उन्हाळ्यात ते वाढत होतं. मिश्र त्वचेची व्याख्या टी-झोन आणि यू-झोन यांतल्या फरकावर करावी, असं या गटानं सुचवलं.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर ऋतूइतकंच गावही महत्त्वाचं. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत बाराही महिने जेलसारखं हलकं मॉइश्चरायझर पुरणारी मुलगी नोकरीसाठी नागपूरला गेली, की डिसेंबरात तिच्या गालांना तेच कमी पडू लागतं. पुण्यात दिवसभर एसीत बसणाऱ्याचे गाल भर पावसाळ्यातही सुकतात. मे महिन्यात घेतलेली बाटली जानेवारीत चालेनाशी झाली, तर दोष बाटलीचा असेलच असं नाही.

आधी चेहरा वाचावा

सेबुमीटर घरी नसतो, त्याची गरजही नाही. सौम्य फेसवॉशनं चेहरा धुऊन, टिपून, काहीही न लावता तासभर थांबावं. मग पातळ टिपकागद किंवा टिश्यूचे तुकडे कपाळ, नाक, हनुवटी आणि दोन्ही गालांवर वेगवेगळे दाबावेत. कुठल्या कागदावर किती डाग पडला आणि कुठली जागा ताणल्यासारखी वाटते, ते पाहावं. उन्हाळ्यात एकदा आणि थंडीत एकदा हे केलं की खरेदीचा निम्मा गोंधळ मिटतो.

यात एक चकवा असतो. नाकाच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत, भुवयांमध्ये किंवा केसांच्या कडेला तेलकट, पिवळसर खपल्या निघत असतील आणि खाली लाली असेल, तर त्याला कोरडेपणा समजू नये. बऱ्याचदा तो सेबोऱ्हिक डर्मटायटिस असतो, म्हणजे डोक्यातल्या कोंड्याचाच चेहऱ्यावरचा भाऊ. त्यामागे मॅलॅसेझिया नावाच्या बुरशीचा हात असतो आणि ही बुरशी त्वचेवरच्या तेलावर पोसते. खपल्या दिसल्या म्हणून रात्री खोबरेल चोळलं तर तिला आयतं जेवण मिळतं. इथं मॉइश्चरायझर बदलून भागत नाही. डॉक्टर सहसा बुरशीविरोधी क्रीम देतात.

धुणं: एकच, पण सौम्य

चेहऱ्याच्या दोन भागांसाठी दोन फेसवॉश आणायची गरज नाही. गालांना सोसेल असा एकच आणावा. कपाळाला तो पुरतो. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, पीएच साधारण 5 च्या आसपास. अंगाच्या साबणाचा पीएच मात्र 9 ते 10 असतो. भारतीय मानकांनुसार टॉयलेट सोपच्या पहिल्या ग्रेडमध्ये टीएफएम, म्हणजे एकूण स्निग्ध द्रव्य, किमान 76 टक्के लागतं. म्हणून पाकिटावर 76 पाहिलं की साबण चेहऱ्यालाही चांगला, असं अनेक घरांत मानलं जातं. पण तो आकडा साबणाच्या प्रतीचा आहे. साबण पहिल्या ग्रेडचा असला तरी अल्कधर्मीच राहतो आणि कोरड्या गालांना तो जाचू शकतो. त्यापेक्षा सोप-फ्री किंवा सिंडेट प्रकारचा, कमी फेसाचा क्लीन्झर बरा. दिवसातून दोनदा आणि घाम आल्यावर, एवढं धुणं पुरे. धुतल्यावर त्वचा करकरीत लागणं ही स्वच्छतेची खूण नाही. गरजेचं तेलही निघून गेल्याचं ते लक्षण असू शकतं.

जास्त धुतल्यानं ग्रंथी चिडून दुप्पट तेल सोडतात, असं ब्यूटी पार्लरपासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. याला ठोस आधार नाही. ग्रंथी संप्रेरकांचं ऐकतात. जास्त धुण्याचा खरा तोटा वेगळा आहे: त्वचेचा बाहेरचा थर दुखावतो, ओलावा उडून जातो, आग होते आणि पुढे लावलेलं प्रत्येक औषध झोंबतं.

ओलावा: गालाला दोन थर, कपाळाला एक

त्वचेच्या सर्वांत वरच्या थराची रचना समजावताना शास्त्रज्ञ विटांच्या भिंतीचं उदाहरण देतात. मृत पेशी या विटा आणि त्यांच्यामधला सेरामाइड, कोलेस्टेरॉल व स्निग्धाम्लांचा गिलावा. हा गिलावा झिजला की आतलं पाणी बाहेर पडतं. हे पाणी आणि कपाळावर चकाकणारं तेल या दोन निराळ्या गोष्टी आहेत. म्हणून तेलकट दिसणारी त्वचाही पाण्यावाचून सुकलेली असू शकते. पुटकुळ्यांच्या भीतीनं मॉइश्चरायझरच सोडून देणारे इथं फसतात.

मॉइश्चरायझरमध्ये तीन प्रकारचे घटक काम करतात. ग्लिसरीन आणि हायल्युरॉनिक ॲसिड पाणी धरून ठेवतात. सेरामाइड, स्क्वॅलेनसारखे घटक भेगा भरून त्वचा मऊ करतात. पेट्रोलियम जेली आणि डायमेथिकोन वरून झाकण घालतात. मिश्र त्वचेसाठी सगळ्या चेहऱ्याला ग्लिसरीन किंवा हायल्युरॉनिक ॲसिड असलेलं हलकं जेल अथवा लोशन लावावं, आणि रात्री फक्त गालांवर सेरामाइड असलेल्या क्रीमचा आणखी एक थर द्यावा. ग्लिसरीन हा स्वस्त घटक आहे, त्यामुळे चांगलं मॉइश्चरायझर महागच असायला हवं असं नाही.

बाटलीवर ‘नॉन-कॉमेडोजेनिक’, म्हणजे रंध्रं न तुंबवणारं, असं ठळकपणे लिहिलेलं असतं. 1972 मध्ये अल्बर्ट क्लिगमन आणि ओटो मिल्स या अमेरिकी संशोधकांनी प्रसाधनांमुळे येणाऱ्या मुरुमांचं वर्णन केलं. त्या काळी एखादा पदार्थ रंध्रं तुंबवतो का, हे सशाच्या कानाच्या आतल्या बाजूला लावून पाहत. सशाचं कातडं माणसापेक्षा चटकन तुंबतं, शिवाय एकटा घटक आणि तयार क्रीम यांचं वागणं सारखं नसतं. त्यामुळे हा शब्द उपयोगी इशारा आहे, हमी नव्हे. घटकांची यादी अधिक कामाची: एक टक्क्याहून जास्त असलेले घटक तिच्यात प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं येतात. ज्या घटकाच्या नावानं बाटली विकली जाते तो यादीच्या शेपटाला असेल, तर त्याचं प्रमाण बहुधा नाममात्र असतं.

जास्तीचं औषध, तेही जागेपुरतं

चमक आणि ब्लॅकहेड्स यांचाच त्रास असेल, तर दोन घटकांची नावं लक्षात ठेवावीत. सॅलिसिलिक ॲसिड तेलात विरघळतं, त्यामुळे ते रंध्रात उतरून आतला मळ सैल करतं. 0.5 ते 2 टक्क्यांचं सॅलिसिलिक ॲसिड आठवड्यातून दोन-तीनदा फक्त टी-झोनवर लावावं. गालांवर ते फासण्याचं कारण नाही. गर्भवतींनी आधी डॉक्टरांना विचारावं. दुसरा घटक नायसिनामाइड, म्हणजे ब-3 जीवनसत्त्वाचं एक रूप. मिश्र त्वचेला तो विशेष मानवतो, कारण तो दोन्ही बाजूंनी काम करतो. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 2 टक्के नायसिनामाइड लावल्यावर जपानी सहभागींच्या चेहऱ्यावर तेल पाझरण्याचा वेग काही आठवड्यांत कमी झाला. शिवाय सेरामाइड तयार व्हायलाही ते हातभार लावतं, म्हणजे गालांचाही फायदा. बाजारात 10 टक्क्यांची सीरम मिळतात. पण 2 ते 5 टक्के बहुतेकांना पुरतं आणि त्याहून जास्त काहींना झोंबतं.

नवी वस्तू एका वेळी एकच आणावी. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडीशी लावून काही दिवस पाहावी, मगच चेहऱ्यावर. मुरुमांवरच्या उपचाराचा परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. दर पंधरवड्याला बाटली बदलणाऱ्याला कशानं काय झालं ते कधीच कळत नाही.

सनस्क्रीन मात्र सगळ्या चेहऱ्याला सारखंच लागतं. भारतीय त्वचेवर मुरूम गेला तरी काळा डाग महिनोन् महिने राहतो आणि ऊन तो गडद करतं. एसपीएफ 30 किंवा 50 आणि पीए+++ असलेलं जेल किंवा मॅट प्रकारचं सनस्क्रीन मिश्र त्वचेला जड होत नाही. दोन बोटांच्या लांबीएवढं चेहरा आणि मानेला लागतं. बरेच जण त्याच्या निम्मंही लावत नाहीत.

स्वयंपाकघरातलं काय चालतं?

मुलतानी माती तेल शोषते, हे खरंच. म्हणून तिचा लेप नाक-कपाळापुरता, आठवड्यातून एकदा आणि पूर्ण कडक वाळण्याआधी धुतला तर ठीक. गालांवर तो चढवला की ताण आणि भेगा. दिवाळीतलं उटणं अंगाला हवं तितकं चोळावं, गालांवर हात हलका ठेवावा. खोबरेल हातापायांना उत्तम, पण रंध्रं तुंबवण्याच्या चाचण्यांत त्याचा क्रमांक बराच वरचा लागतो, म्हणून टी-झोनला ते नको. लिंबू चेहऱ्यापासून लांब ठेवावं. त्याच्या रसाचा पीएच 2 ते 3 असतो, आणि रस लावून उन्हात गेल्यास त्यातल्या काही द्रव्यांमुळे त्वचा भाजून डाग पडू शकतात.

सर्वांत मोठा धोका मात्र केमिस्टकडून ‘चेहऱ्यासाठी काहीतरी द्या’ म्हणून मिळणाऱ्या ट्यूबचा आहे. अशा क्रीममध्ये अनेकदा स्टेरॉइड असतं. चार दिवस चेहरा उजळल्यासारखा, गुळगुळीत वाटतो. पुढे त्वचा पातळ होते, लाल रेषा दिसू लागतात, मुरूम उसळतात आणि ट्यूब थांबवली की आग होते. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं याविरुद्ध बरीच वर्षं मोहीम चालवली आणि 2018 मध्ये केंद्र सरकारनं त्वचेवर लावायची 14 स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकायला मनाई झाली. तरीही ट्यूबवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव दिसलं, तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ती चेहऱ्याला लावू नये. आधीपासून लावत असल्यास ती एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांना गाठावं, आणि जाताना घरात वापरात असलेल्या सगळ्या ट्यूब आणि बाटल्या पिशवीत घालून सोबत न्याव्यात.