मुखातील बुरशी व शिक्षकांची दक्षता

चिंचोटीसारख्या गावी एखाद्या विद्यार्थ्याच्या जिभेवर दह्यासारखा पांढरा थर आढळल्यास तो कँडिडा नामक बुरशीचा असू शकतो. ही बुरशी निरोगी मुखातही अल्प प्रमाणात असते. प्रतिकारशक्ती क्षीण झाली म्हणजे ती फोफावते. तान्ह्या बालकांत हा विकार सामान्य होय; परंतु शाळेच्या वयात तो वारंवार उद्भवल्यास त्यामागे कुपोषण, रक्तक्षय, मधुमेह, एचआयव्हीचा संसर्ग अथवा प्रतिजैविकांचा दीर्घ वापर असण्याचा संभव असतो. दम्याचा फवारा घेणाऱ्या मुलाने मागाहून चूळ भरावी. शिक्षकांनी थर खरवडू नये, निदान करू नये, मुलास वेगळे बसवू नये. शेजारी बसल्याने हा विकार जडत नाही. पालकांस एकांतात समजावून मुलास शासकीय दवाखान्यात पाठवावे व २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी पथकास कळवावे.