प्रतीक्षा यादीतील परिचारिका

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. रात्रीचा दीड वाजला होता. गावातील एका प्रसूतिगृहातून बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेले, १,३५० ग्रॅम वजनाचे बाळ माझ्याकडे आणले गेले. बाळाला श्वासाचा त्रास होता. माझ्याकडील दोन्ही यंत्रे गुंतलेली होती आणि खासगी अतिदक्षता विभागाचा खर्च बाळाच्या वडिलांना झेपणारा नव्हता. म्हणून मी सरकारी रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षाला दूरध्वनी केला. पलीकडचा आवाज ओळखीचा होता.

"सर, वॉर्मर एक रिकामा आहे. पण आज आम्ही दोघीच आहोत आणि बाळं चौदा. पाठवा, मी घेते. तेवढं सांगून ठेवते."

अशा कक्षात प्रत्येक पाळीत तीन-चार बाळांमागे एक परिचारिका असावी, असे शासनाचेच मार्गदर्शक निकष सांगतात. त्या रात्री एकीकडे सात होती आणि माझे बाळ गेल्यावर एकीकडे आठ झाली. सुदैवाने ते बाळ वाचले. परंतु सुदैवावर चालणाऱ्या व्यवस्थेला व्यवस्था म्हणावे काय, हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. स्मरणिकेच्या संपादकांनी यंदा लेख मागितला, तेव्हा बालरोगांवरील नेहमीचा विषय बाजूला ठेवून याच प्रश्नाविषयी लिहावे असे ठरवले.

तो आवाज ओळखीचा होता, कारण ती सिस्टर माझ्या हाताखाली तयार झाली. तिचे नाव मुद्दाम लिहीत नाही. खानापूर तालुक्यातील एका मराठी खेड्यातील ही मुलगी. जन्म १९९३ चा. जीएनएमचा अभ्यासक्रम पूर्ण करून २०१५ साली ती माझ्या अठरा खाटांच्या रुग्णालयात आली आणि २०२२ पर्यंत राहिली. नऊशे ग्रॅमच्या बाळाच्या हातावर शीर शोधण्यात तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, हे मी अनेकदा बोलून दाखवले आहे. आज ती सरकारी कक्षात आहे. पण सरकारी नोकरीत नाही. ती कंत्राटावर आहे. दर मुदतीनंतर तिचा करार संपतो, एखाद्या दिवसाचा खंड पडतो आणि पुन्हा नवा करार होतो.

भरतीची वाट

एखादी परिचारिका निवृत्त झाली की तिची जागा रिकामी झाली, असे आपण समजतो. शासनाच्या लेखी ती जागा भरण्याजोगी होण्यास बराच अवधी लागतो. पद मंजूर आहे की नाही ते पाहावे लागते. वित्त विभागाची संमती घ्यावी लागते. कोणते पद कोणत्या प्रवर्गाला जाते, याची बिंदुनामावली तपासून घ्यावी लागते. मग जाहिरात निघते. त्यानंतर अर्ज, परीक्षा, उत्तरतालिका, तिच्यावरील हरकती, गुणवत्ता यादी, कागदपत्रांची पडताळणी, निवड यादी व प्रतीक्षा यादी, वैद्यकीय तपासणी, चारित्र्य पडताळणी आणि सर्वांत शेवटी नेमणुकीचा आदेश.

यातील एकही पायरी निरर्थक नाही, हे प्रथमच नमूद करतो. बिंदुनामावली नसेल तर आरक्षण कागदावर राहील. हरकती मागवल्या नाहीत तर चुकीच्या उत्तराचा भुर्दंड उमेदवाराला बसेल. अडचण पायऱ्यांची नाही. एका पायरीवरून दुसरीवर जाण्यास किती दिवस लागावेत याचे बंधन कोणावर नाही, ही खरी अडचण आहे.

काही उदाहरणे सर्वांना ठाऊक आहेत. महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाची गट क आणि गट डची परीक्षा २५ व २६ सप्टेंबर २०२१ रोजी होती. ती आदल्या रात्री पुढे ढकलली गेली. आमची सिस्टर त्या वेळी परीक्षेसाठी परगावी पोहोचून एका नातलगाकडे उतरली होती. सकाळी ती पहिल्या बसने परत आली आणि दुपारी कामावर हजर झाली. परीक्षा ऑक्टोबरात झाली, प्रश्नपत्रिका फुटल्याचे उघड झाले आणि अखेर ती भरतीच रद्द झाली. नवी जाहिरात ऑगस्ट २०२३ मध्ये निघाली, १०,९४९ पदांची. खुल्या प्रवर्गासाठी तिचे शुल्क १,००० रुपये होते. रेल्वेने परिचारिका व अन्य निमवैद्यकीय पदांची जाहिरात २०१९ साली काढली, त्यानंतरची २०२४ साली. आणि त्या दुसरीची परीक्षा एप्रिल २०२५ च्या अखेरीस झाली. कर्नाटकात अनुसूचित जातींतील अंतर्गत आरक्षणाचा प्रश्न सुटेपर्यंत नव्या जाहिराती काढू नयेत, असा निर्णय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२४ मध्ये घेतला. त्यासाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल ऑगस्ट २०२५ मध्ये आला. कारण न्याय्य होते. पण त्या महिन्यांत उमेदवारांची वये थांबून राहिली नाहीत.

सीमाभागातील आपल्या मुलींची वाट आणखी थोडी वळणाची आहे. कर्नाटकात नोकरी हवी तर कन्नड उत्तम यावे लागते. ते रास्तच आहे, कारण रुग्ण कन्नड बोलतो. आणि आपल्या मुलींना ते येतेही. महाराष्ट्राच्या भरतीत, ज्या ८६५ गावांवर त्या राज्याने दावा सांगितला आहे तेथील मराठी भाषिक उमेदवार अर्ज करू शकतात, असे कलम असते. त्यासाठी त्या गावात पंधरा वर्षांचे वास्तव्य असल्याचा विहित नमुन्यातील दाखला लागतो. शिवाय नोंदणी कर्नाटक परिचर्या परिषदेची असल्यास तेथून ना हरकत घेऊन महाराष्ट्र परिषदेकडे नोंदणी करावी लागते. अनेक मुलींना याचा पत्ता जाहिरात निघाल्यावर लागतो आणि तोवर अर्जाची मुदत संपत आलेली असते.

कंत्राटाचा आडमार्ग

पदे रिकामी आणि रुग्ण समोर, अशा स्थितीत शासनाने कंत्राटाचा मार्ग धरला. २००५ साली सुरू झालेल्या ग्रामीण आरोग्य अभियानापासून तो रुळला. या अभियानातून नवजात शिशु कक्ष उभे राहिले, ही फार मोठी गोष्ट आहे, आणि बालरोगतज्ज्ञ म्हणून मी ती कृतज्ञतेने सांगतो. परंतु तात्पुरती व्यवस्था कायमची झाली आणि माणसे मात्र तात्पुरतीच राहिली. कंत्राटावर दहा वर्षे काढली की आपोआप कायम होऊ, अशी आशा पुष्कळ जणी बाळगून असतात. 'कर्नाटक राज्य विरुद्ध उमादेवी' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल २००६ रोजी स्पष्ट केले की, रीतसर भरती टाळून आलेल्यास कायम होण्याचा हक्क नाही. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने दुसऱ्या निकालात शासनालाही बजावले की, वर्षानुवर्षे राबवून घेतलेल्या माणसांना नाकारण्यासाठी या निकालाची ढाल करू नये. तरीही कंत्राटातील मुलीने परीक्षांचा नाद सोडू नये, हाच माझा सल्ला राहील.

माझा दोष

इथवर शासनाविषयी लिहिले. आता स्वतःविषयी लिहिणे भाग आहे.

२०१८ साली एका कंत्राटी भरतीसाठी सिस्टरने माझ्याकडे अनुभवाचा दाखला मागितला. बाह्यरुग्णांची गर्दी होती. मी स्वागतकक्षातील मुलीला दोन ओळी सांगितल्या : सदर परिचारिका आमच्याकडे दीर्घकाळ मन लावून काम करीत आहे, तिला शुभेच्छा. खाली सही केली, शिक्का मारला. त्यात रुजू झाल्याची तारीख नव्हती, खाटांची संख्या नव्हती, रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक नव्हता. पडताळणीच्या वेळी तो दाखला ग्राह्य धरला गेला नाही. नेमणूक पत्र दाखवा, वेतनाचा पुरावा दाखवा, असे तिला सांगण्यात आले. नेमणूक पत्र मी दिलेच नव्हते. वेतन रोख देत असे, प्रारंभी दरमहा नऊ हजार. आमच्याकडे वीसपेक्षा कमी माणसे, म्हणून भविष्य निर्वाह निधीही लागू नव्हता. तीन वर्षे जिने माझी रात्रपाळी सांभाळली, ती कागदावर माझ्या रुग्णालयात नव्हतीच.

ती परत आली आणि म्हणाली, "सर, झालं नाही." मी हळहळलो. परंतु खरे सांगायचे तर त्याच क्षणी मनाच्या एका कोपऱ्यात हायसेही वाटले, कारण नर्सरीतील रात्रपाळीची चिंता मिटली होती. ते हायसे वाटणे आजही मला टोचते.

पुढे २०२० साली एम्सने सर्व संस्थांसाठी एकच परीक्षा सुरू केली. निवड झाल्यास मूळ वेतन ४४,९०० रुपये. सिस्टर तेव्हा सत्तावीस वर्षांची होती, वयोमर्यादा तीस. पण जीएनएम झालेल्या उमेदवारास किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव आवश्यक असतो. माझ्या अठरा खाटांचा उपयोग शून्य. हा नियम मी आधी वाचला असता, तर तिला वेळेवर मोठ्या रुग्णालयात जाण्यास सांगितले असते. असे निदान मला म्हणावेसे वाटते. २०२२ मध्ये ती सरकारी कक्षात कंत्राटावर गेली. दोन वर्षांचा अनुभव भरला तेव्हा तिचे वय एकतीस झाले होते. २०२३ च्या महाराष्ट्राच्या भरतीत तिचे नाव प्रतीक्षा यादीत आले, पण तिच्यापर्यंत पाळी पोहोचण्यापूर्वी यादीची मुदत संपली. महाराष्ट्रात खुल्या प्रवर्गाची मर्यादा ३८ वर्षांची आहे. तेवढा अवधी तिच्या हाती आहे.

आपली लहान रुग्णालये अशा वाट पाहणाऱ्या मुलींवर चालतात. सरकारी भरती जितकी रेंगाळेल, तितकी आपल्याला कुशल परिचारिका स्वस्तात मिळत राहते. शासनाच्या दिरंगाईवर आपण भाषणे करतो. तिचे लाभार्थी आपणही आहोत, हे सांगत नाही.

मुलींसाठी थोडे

या लेखाचे वाचक केवळ डॉक्टर नाहीत, म्हणून समाजातील मुलींसाठी व त्यांच्या पालकांसाठी अनुभवातून सुचलेले चार शब्द लिहितो.

जाहिरातीची वाट न पाहता कागदपत्रे आधी तयार ठेवावीत. दहावीचे प्रमाणपत्र, आधार, परिषदेची नोंदणी आणि जातीचा दाखला यांवर नाव अक्षरशः एकच असावे. विवाहानंतर नाव बदलले असेल तर त्याचा राजपत्रातील पुरावा जवळ असावा. परिषदेच्या नोंदणीचे नूतनीकरण वेळेवर करावे. शेजारच्या राज्यात अर्ज करण्याचा विचार असेल तर तेथील नोंदणीची खटपट आजच सुरू करावी. वय कोणत्या तारखेला मोजले जाणार आणि अनुभव कोणत्या तारखेपर्यंतचा धरणार, हे जाहिरातीत सर्वप्रथम वाचावे. जीएनएम झालेल्यांनी पहिली दोन वर्षे शक्यतो पन्नासहून अधिक खाटांच्या रुग्णालयात काढावीत. बालरोगतज्ज्ञ असूनही हे मी माझ्या लहान रुग्णालयाच्या हिताविरुद्ध सांगत आहे. उत्तरतालिकेवर हरकत घेण्यास कंटाळू नये. यादी कुठे अडली ते कळत नसेल तर माहितीच्या अधिकारात साधा अर्ज करावा. आणि नोकरी लावून देतो म्हणणाऱ्या मध्यस्थाला एक रुपयाही देऊ नये.

आणि आपल्यासाठी

सहकाऱ्यांना माझी विनंती मोठी नाही. रुजू होणाऱ्या प्रत्येक परिचारिकेला नेमणूक पत्र द्यावे. वेतन बँकेतून द्यावे. अनुभवाच्या दाखल्यात तारखा, खाटांची संख्या, विभाग आणि नोंदणी क्रमांक लिहावा आणि तो मागितल्या दिवशी द्यावा. कोणाचीही मूळ प्रमाणपत्रे आपल्या कपाटात ठेवू नयेत. परीक्षेच्या दिवशी रजा द्यावी, तीही न कुरकुरता. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानुसार नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही परिचारिकेस दरमहा किमान २०,००० रुपये असावेत अशी शिफारस केली होती. आपल्यापैकी किती जण तेथवर पोहोचलो, हे ज्याने त्याने आपल्या हिशेबाच्या वहीत पाहावे. मी फार उशिरा पोहोचलो.

गेल्या महिन्यात सिस्टर पुन्हा दाखल्यासाठी आली होती. या वेळी मी बाह्यरुग्ण विभाग अर्धा तास थांबवला आणि नर्सरीच्या जुन्या नोंदवह्या काढल्या. २०१५ पासूनच्या पानापानावर, रात्री दोनच्या, पहाटे चारच्या नोंदीखाली तिची सही होती. त्यावरून तारखा पडताळून दाखला स्वतःच्या हाताने लिहिला. तिने तो दोनदा वाचला आणि माझ्यापुढे परत ठेवला.

"सर, खाटांची संख्या राहिली."

मी ती लिहिली.